शाळेतल्या संगणकावरचे खेळ पुन्हा खेळताना : जुने डॉस यंत्र चालू करण्याची सविस्तर पद्धत

१९८५ ते २००० या काळात ज्यांचे शालेय शिक्षण झाले, त्यांतल्या अनेकांनी पहिला संगणक पाहिला तो चपला बाहेर काढून शिरायच्या एका थंडगार खोलीत. एका यंत्रापुढे तिघे-चौघे, आठवड्याला एखादा तास, आणि तासाच्या शेवटची काही मिनिटे खेळासाठी, अशीच व्यवस्था थोड्याफार फरकाने सगळीकडे होती. खेळही शिक्षकांना मान्य असलेलेच असत: कासवाकडून चौकोन काढून घ्यायचा, पडणारी अक्षरे वेळेत टाइप करायची, मूळ संख्या शोधायच्या. आज ती मुले चाळिशी-पन्नाशीत आहेत, हाताशी थोडा पैसा आहे, आणि माळ्यावर किंवा भंगाराच्या दुकानात तसे डॉसवर (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीवर) चालणारे एखादे यंत्र दिसले की ते पुन्हा चालू करून पाहण्याची इच्छा आवरत नाही.

ही इच्छा पुरी होण्यासारखी आहे. मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो. खेळ ओळखावा, फ्लॉपीतला मजकूर वाचवावा, मग यंत्राची तपासणी करून त्याला वीज द्यावी आणि सर्वांत शेवटी खेळायला बसावे. बहुतेकांचे काम बिघडते ते याच्या उलट क्रमाने गेल्यामुळे. माळ्यावरून यंत्र उतरवून लगेच प्लग लावला जातो, पंखा फिरला म्हणून आनंदाने जुनी फ्लॉपी आत सरकवली जाते, आणि दोन मिनिटांत यंत्र आणि फ्लॉपी दोन्ही हातचे जातात. यंत्र पुन्हा मिळू शकते, पण वहीसारखी जपलेली ती एकमेव फ्लॉपी पुन्हा मिळत नाही.

आधी खेळ ओळखावा

नाव आठवत नसले तरी रंग आठवतात, आणि रंगांवरून खेळाचा काळ बराच नेमका सांगता येतो. पडद्यावर काळा, पांढरा, आकाशी आणि भडक गुलाबी एवढेच चार रंग होते असे आठवत असेल, तर तो खेळ सीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेला होता. सोळा ठसठशीत रंग असतील, तर तो १९८४ साली आलेल्या ईजीए कार्डाच्या काळानंतरचा समजावा, आणि छायाचित्रासारख्या छटा दिसत असतील, तर १९८७ साली आलेल्या व्हीजीएचा. सगळेच हिरवे किंवा नारिंगी आठवत असेल, तर मॉनिटरच एकरंगी होता. खेळ मात्र यांपैकी कोणताही असू शकतो.

कासवाचा खेळ म्हणजे लोगो. ही भाषा १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी तयार केली, आणि भारतातल्या कित्येक शाळांच्या संगणक-पुस्तकांत तिचे धडे होते. ‘फॉरवर्ड १००, राइट ९०’ हे चार वेळा केले की चौकोन होतो, आणि कोन १४४ करून पाच वेळा केले की चांदणी होते. हिरवे तोंड चौकटींमधून फिरत पटीतल्या किंवा मूळ संख्या खात असेल, तर तो अमेरिकेतल्या एमईसीसी या संस्थेचा ‘नंबर मंचर्स’. त्याच संस्थेच्या ‘ओरेगॉन ट्रेल’मध्ये १८४८ साली मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावाहून बैलगाड्यांचा तांडा पश्चिमेकडे न्यायचा असतो, १९७१ साली तीन अमेरिकी शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी तो प्रथम तयार केला. देशोदेशी पळणाऱ्या चोरांचा माग काढायला लावणारा भूगोलाचा खेळ म्हणजे ब्रोडरबंड कंपनीने १९८५ मध्ये आणलेली ‘कार्मेन सँडिएगो’. टाइपिंग शिकवणारी मेव्हिस बीकन १९८७ ची. वेष्टनावरची ती हसरी शिक्षिका प्रत्यक्षात अस्तित्वात नाही, हे कळल्यावर पुष्कळांना आजही वाईट वाटते.

दोन माकडे इमारतींवर उभी राहून एकमेकांवर केळी फेकतात, तो ‘गोरिला’ मात्र विकत घ्यावाच लागत नसे. एमएस-डॉसची पाचवी आवृत्ती १९९१ साली आली, तिच्यातल्या क्यूबेसिक या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाबरोबर तो उदाहरण म्हणून फुकट मिळत असे. शैक्षणिक खेळांच्या यादीत त्याला कोणी बसवत नाही, पण प्रक्षेपणाचा कोन आणि वेग यांचा संबंध किती तरी मुलांना विज्ञानाच्या पुस्तकाआधी त्यानेच शिकवला, असे माझे मत आहे.

एक अपवाद इथेच सांगून ठेवतो. १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांना एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. की-बोर्डमध्येच संगणक असलेले आणि वरच्या बाजूला लाल रंगाच्या फंक्शन कळांची रांग असलेले यंत्र आठवत असेल, तर ते डॉसचे यंत्र नव्हे, आणि पुढची बरीच पद्धत त्याला लागू पडणार नाही. त्याच्या पॉवर सप्लायमधले रिफा बनावटीचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वयोमानाने तडकलेले असतात आणि वीज देताच धूर काढतात, म्हणून ते बदलेपर्यंत प्लग लावू नये. नुसता खेळ पाहायचा असेल, तर बीबएम हा इम्युलेटर पुरेसा आहे.

खरे यंत्र कशासाठी हवे?

हा प्रश्न पैसे खर्च करण्याआधी स्वतःला विचारावा. इम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब वागणूक करणारा प्रोग्राम. खेळाचा मजकूर, कोडी, गुण आणि चित्रे एवढेच पुन्हा पाहायचे असेल, तर डॉसबॉक्स हा मोफत इम्युलेटर घेऊन संध्याकाळभरात काम होते. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले, आणि ‘ओरेगॉन ट्रेल’ त्यांत होता. आठवण ताडून पाहायला याहून सोपा मार्ग नाही. कित्येकांची हौस तिथेच फिटते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

यंत्र हवे असते ते तीन गोष्टींसाठी: जड कळांचा की-बोर्ड, काचेचा फुगीर मॉनिटर आणि स्पीकरची ती कर्कश पिपाणी. या तिन्ही गोष्टी इम्युलेटरमध्ये अंदाजानेच मिळतात. त्यांच्याशिवाय चुकल्यासारखे वाटत असेल, तरच पुढच्या खटाटोपात पडावे. तसे असले तरी खेळ आधी डॉसबॉक्समध्ये चालवून पाहावा, म्हणजे फाइली पूर्ण आहेत की नाहीत हे कळते आणि पुढे यंत्रावर अडचण आली तर दोष कुठे शोधायचा ते ठरवता येते.

फ्लॉपीतला मजकूर वाचवणे

सर्व कामांत हे सर्वांत निकडीचे आणि सर्वांत चिकाटीचे आहे. आपल्याकडे फ्लॉपीचा शत्रू चुंबकापेक्षा पावसाळा आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते, आणि ती बाहेरून दिसत नाही. साडेतीन इंची फ्लॉपीची धातूची पट्टी बोटाने सरकवून आणि मागचे चक्र हलके फिरवून आतली तबकडी उजेडात तिरकी धरून पाहावी. सव्वापाच इंची फ्लॉपीची तबकडी मधल्या भोकातून फिरवता येते. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. ड्राइव्हचे हेड तबकडीला प्रत्यक्ष टेकून चालते, त्यामुळे बुरशी खरवडली जाते, तिच्याबरोबर चुंबकीय थर निघतो, आणि घाण झालेले हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढते.

बुरशी असलेली साडेतीन इंची फ्लॉपी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, तबकडी थोडी थोडी फिरवत पुसावी, आणि आधी मधल्या धातूच्या चक्राजवळ, जिथे मजकूर नसतो, तिथे पुसून थर निघत नाही ना ते पाहावे. सव्वापाच इंचीचे पाकीट एका कडेने कापून तबकडी बाहेर काढता येते. ती ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवावी, पूर्ण वाळवावी आणि दुसऱ्या, निरुपयोगी फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचावी.

वाचण्याआधी लेखनबंदी करावी. साडेतीन इंचीत कोपऱ्यातले भोक उघडे असले की लेखन बंद होते. सव्वापाच इंचीत उलटे आहे, तिथली खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. सव्वापाच इंचीसाठी, किंवा यूएसबी ड्राइव्हने हार मानलेल्या फ्लॉपीसाठी, ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड घ्यावा. तो जुन्या ड्राइव्हच्या ३४ पिनांच्या केबलला एका बाजूने आणि आजच्या संगणकाच्या यूएसबीला दुसऱ्या बाजूने जोडला जातो, आणि तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, हे लक्षात असू द्यावे.

हे जसेच्या तसे टिपणे महत्त्वाचे अशासाठी, की ऐंशीच्या दशकातल्या कित्येक खेळांच्या मूळ फ्लॉपींवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम सदोष विभाग ठेवलेले असत, आणि साध्या कॉपीच्या आज्ञेने ते येत नाहीत. साध्या फ्लॉपीसाठी नेहमीची इमेज फाइल (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल) पुरते, आणि ती पूर्ण झाली की नाही हे तिच्या आकारावरून लगेच कळते: १.४४ एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची आणि ३६० केबीच्या फ्लॉपीची ३,६८,६४० बाइटची असते. एखादा विभाग वाचला गेला नाही, तर हेड पुसून पुन्हा वाचावे, आणि जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर वाचावे. हेडच्या सूक्ष्म सरकण्यामुळे एका ड्राइव्हला न वाचता येणारी फ्लॉपी दुसऱ्याला सहज वाचता येते.

इमेज मिळाल्यावर ती आजच्या विषाणू-शोधकाने तपासावी. शाळाशाळांत आणि क्लासाक्लासांत फिरलेल्या फ्लॉपींवर बूट विभागातले विषाणू हमखास असत. त्यांतला एक खास आपल्या ओळखीचा आहे: १९९० साली भारतात सापडलेला ‘जोशी’ विषाणू दर ५ जानेवारीला यंत्र अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला सांगत असे, आणि तसे टाइप केले की मुकाट्याने वाट मोकळी करून देत असे. आजच्या संगणकाला त्याचा उपद्रव नाही. नव्याने उभ्या केलेल्या जुन्या यंत्राला मात्र आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगायला हवी. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करून ठेवता येते. कंपनी बंद पडली म्हणून खेळ आपोआप सर्वांचा होत नाही. त्यामुळे स्वतःच्या फ्लॉपीची प्रत बिनदिक्कत करावी. ती वाटत सुटू नये.

यंत्र मिळवणे

या कामासाठी ४८६ प्रोसेसरचे यंत्र सर्वांत सोयीचे, कारण ऐंशीच्या दशकातले खेळ वेग कमी करून आणि नव्वदीतले पूर्ण वेगाने त्यावर चालवता येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली आणि जुना बाजार इथे सुटे भाग अजून निघतात, पण अख्खे यंत्र मिळण्याची शक्यता ओळखीच्या भंगारवाल्याकडे अधिक. त्याला किंमत किलोवर कळते, म्हणून ‘पाठीमागे मोठा गोल की-बोर्ड सॉकेट असलेला डबा’ एवढीच खूण सांगून ठेवावी. शाळेतून यंत्र घ्यायचे असेल, तर मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी पुरत नाही. ते डेडस्टॉक रजिस्टरवर नोंदलेले असते, आणि त्याचे रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय ते शाळेबाहेर नेणे म्हणजे त्यांना अडचणीत टाकणे होय.

डबा उघडणे आणि बॅटरी काढणे

यंत्र घरी आल्यावर प्लग लावू नये. झाकण काढून ब्रशने धूळ झाडावी आणि मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर), बहुधा की-बोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली लहान नळकांड्यासारखी बॅटरी शोधावी. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते, आणि ३८६-४८६ च्या पिढीतले बोर्ड सर्वांत जास्त मेले असतील तर तिच्यामुळे. तिच्यातून झिरपणारे अल्कली तांब्याच्या बारीक रेषा खात जाते. टोकांना निळसर-हिरवी पूड दिसो वा न दिसो, बॅटरी कटरने कापून काढावी.

गळती झाली असेल, तर तो भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासावा. आम्लाने अल्कलीचा परिणाम मारला जातो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड दिवसभर वाळू द्यावा. यानंतर भिंग घेऊन बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक रेषेची दोन टोके मल्टिमीटरच्या आवाजाच्या खुणेवर तपासावीत. बॅटरी की-बोर्डच्या सॉकेटला लागून असल्यामुळे पहिला बळी बहुधा त्याच रेषांचा जातो. पुढे यंत्र चालू होऊन ‘की-बोर्ड एरर’ दाखवू लागले, तर की-बोर्ड बदलत बसण्याआधी इथेच परत यावे. तुटलेल्या रेषेवर बारीक इनॅमल वायर सोल्डर करता येते. सवय नसेल, तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे, त्यांचा हात या कामात बसलेला असतो.

नव्या बॅटरीसाठी बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीच्या चार पिना असतात. त्यांना तीन पेन्सिल सेलची पेटी जोडावी आणि शेजारचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बाहेरच्या बॅटरीच्या जागी सरकवावा. धन आणि ऋण पिना कोणत्या, हे त्या बोर्डाच्या माहितीपत्रकात पाहूनच जोडावे. जुन्या बॅटरीच्या जागी सरळ नाण्यासारखा लिथियम सेल सोल्डर करू नये. बोर्ड त्या जागेतून बॅटरी चार्ज करतो, आणि तो सेल चार्ज होण्यासाठी नसतो. बॅटरीऐवजी घड्याळाचे चित्र असलेला काळा ठोकळा दिसला, तर तो डॅलस कंपनीचा. बॅटरी त्याच्या पोटात असते आणि अख्खा ठोकळाच बदलावा लागतो.

पहिल्यांदा वीज देणे

पॉवर सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असा लाल सरक-बटणाचा स्विच असतो. परदेशातून आलेल्या यंत्रात तो ११५ वर असण्याची शक्यता असते, आणि तसाच प्लग लावला तर पॉवर सप्लाय क्षणात जळतो. या पिढीच्या यंत्रांत समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टच्या वायरी आलेल्या असतात, म्हणून त्या वायरींचे वेष्टन तडकलेले नाही ना हे प्लग काढलेला असतानाच पाहावे. पॉवर सप्लायची पेटी आणि मॉनिटर मात्र उघडू नयेत. प्लग काढल्यावरही त्यांच्यात जीवघेणा दाब शिल्लक राहतो.

मदरबोर्डला वीज देण्याआधी पॉवर सप्लाय वेगळा तपासावा. भाराशिवाय तो बरोबर चालत नाही, म्हणून एखादी टाकाऊ हार्ड डिस्क जोडून काळ्या वायरीच्या संदर्भात लाल वायर मोजावी. ती ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आणि पिवळी वायर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असली पाहिजे. मग मदरबोर्डचे दोन कनेक्टर, पी ८ आणि पी ९, असे लावावेत की दोहोंच्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारीशेजारी येतील. ते उलटे लागू शकतात, आणि उलटे लागले तर बोर्ड संपतो. पहिल्या वेळी चेहरा डब्यावर आणू नये, कारण जुन्या बोर्डांवरचे टँटलम कपॅसिटर कधी कधी फटाक्यासारखे फुटतात. एखादा फुटला तरी तो बदलून बोर्ड बहुधा चालतो.

साठवण आणि डॉस

जुनी हार्ड डिस्क फिरत असेल, तर तिच्यातला मजकूर आधी काढून घ्यावा आणि तिला निवृत्त करावे. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ते आयडीई केबलला (जुन्या हार्ड डिस्कच्या केबलला) जोडणारा स्वस्त अडॅप्टर वापरावा. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. त्या काळच्या बायोसला (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) साधारण ५२८ दशलक्ष बाइटपेक्षा मोठी डिस्क समजत नाही, म्हणून ५१२ एमबी किंवा त्याहून लहान कार्ड घ्यावे. शैक्षणिक खेळांची अख्खी कपाटे त्यात मावतील. चालू होताना डिलीट कळ दाबून सेटअपमध्ये जावे, तारीख भरावी आणि कार्डाचे सिलिंडर, हेड व सेक्टरचे आकडे नोंदवावेत.

एमएस-डॉस ६.२२ च्या मूळ फ्लॉपी असतील तर उत्तम. नसतील, तर जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला मोफत फ्रीडॉस या कामाला पुरतो, मात्र क्यूबेसिक त्यात नाही. कार्डाची विभागणी आजच्या संगणकावर न करता त्याच जुन्या यंत्रावर करावी, कारण दोन्ही यंत्रांचे सिलिंडर-हेडचे गणित जुळले नाही तर कार्ड वाचले जाते पण बूट होत नाही. मूळ फ्लॉपी पुन्हा पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायची वेळ येऊ नये, म्हणून गोटेक नावाचा, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा आणि पेन ड्राइव्हवरच्या इमेज वाचणारा डबा लावावा. फ्लॉपी ड्राइव्हची ती घरघर मात्र त्यात नाही, आणि ज्यांना ती हवी असते त्यांना ती हवीच असते.

वेग

इथे बहुतेक मार्गदर्शक दोन ओळींत आटोपतात, पण मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि त्या काळच्या अनेक खेळांनी वेळ मोजायला घड्याळ न वापरता प्रोसेसरलाच मोजत बसवले होते. वेगवान यंत्रावर असा खेळ धावत सुटतो: टाइपिंगच्या खेळातली अक्षरे दिसायच्या आत जमिनीवर पडतात. ‘लहानपणी जमत होते, आता हात मंदावले’ असे स्वतःला समजावण्याआधी यंत्राचा वेग पाहावा.

समोरचे टर्बो बटण याच कामासाठी होते. ते सोडले की यंत्र हळू चालते. त्याच्या शेजारचा ३३ किंवा ६६ असा चमकणारा आकडा मात्र काहीही मोजत नाही. दुकानदाराने मागचे जंपर ज्या आकड्यावर लावले, तो आकडा तो दाखवतो. टर्बोने पुरेसा फरक पडत नसेल, तर सेटअपमध्ये जाऊन प्रोसेसरचा अंतर्गत कॅश (त्याच्यातली छोटी, जलद स्मृती) बंद करावा. ४८६ लगेच ३८६ च्या चालीने चालू लागतो. डॉसबॉक्समध्ये हेच काम कंट्रोल-एफ११ ने वेग कमी आणि कंट्रोल-एफ१२ ने जास्त करून होते. तिथे ३,००० सायकल हा सुरुवातीचा आकडा बहुतेक जुन्या खेळांना ठीक असतो. सीजीएच्या खेळांना त्याहूनही खाली आणावे लागते.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक लहान खेळ सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात, आणि लोक फाइल खराब झाली असे समजतात. फाइल शाबूत असते. पास्कलचा एक भाग सुरुवातीला यंत्राचा वेग मोजून ५५ ने भागतो, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रावर ते उत्तर ठरवलेल्या जागेत मावत नाही. ४८६ वर ही अडचण येतच नाही, आणि ४८६ घ्यावे असे वर म्हटले त्याचे हे आणखी एक कारण.

‘गोरिला’चा वेग तर प्रोग्राममध्येच बदलता येतो. क्यूबेसिकमध्ये फाइल उघडल्यावर सुरुवातीलाच ‘स्पीडकॉन्स्ट’ या नावापुढे ५०० हा आकडा दिसतो, आणि वरच्या टिपणात लिहिलेले असते की आकडा मोठा केला तर खेळ जलद होईल. केळे दिसायच्या आत स्फोट होत असेल, तर ५०० चे १०० करून पाहावे आणि एफ५ दाबावे. खेळ सुरू होताना गुरुत्वाकर्षण विचारले जाते आणि पृथ्वीचे ९.८ असते असे कंसात सांगितलेले असते. तिथे चंद्राचे १.६ भरून पूर्वीच्याच कोनाने केळे फेकले की ते कुठल्या कुठे जाते, आणि घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

पडदा आणि आवाज

बहुतेक डॉस खेळांचे चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपक्यांचे असते, पण ते चारास तीन प्रमाणाच्या काचेवर भरून दिसावे अशा हिशेबाने काढलेले असते. म्हणजे त्यातला प्रत्येक ठिपका थोडा उभट आहे. आजच्या रुंद पडद्यावर ते चित्र चेपते, वर्तुळे बसकी होतात, आणि लोगोत कासवाने काढलेला चौकोन आयत दिसू लागतो. काचेचा मॉनिटर असेल तर प्रश्नच नाही. एलसीडी वापरायचा असेल, तर चारास तीन प्रमाणाचा जुना ऑफिसातला मॉनिटर शोधावा, आणि डॉसबॉक्समध्ये ‘आस्पेक्ट’ ही सेटिंग चालू ठेवावी. मोफत मिळणाऱ्या यूसीबी-लोगोमध्ये तर याचसाठी ‘सेटस्क्रंच’ नावाची आज्ञाच आहे: चौकोन काढावा, पडद्यावर पट्टी लावून दोन्ही बाजू मोजाव्यात आणि त्या प्रमाणात आकडा द्यावा.

आवाजाचे काम सोपे आहे. १९८९ साली साउंड ब्लास्टर येण्याआधीचे बहुतेक शैक्षणिक खेळ आतल्या स्पीकरवरच वाजतात, आणि त्यांना काहीच सांगावे लागत नाही. नंतरच्या खेळांनी विचारल्यास पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १ ही उत्तरे द्यावीत. स्पीकर गप्प असेल, तर मदरबोर्डवरची त्याची वायर निसटलेली असते, एवढेच.

पावसाळ्याआधी

यंत्र चालू झाले की कार्डाची संपूर्ण इमेज काढून दोन ठिकाणी ठेवावी, आणि जंपर कसे आहेत, सेटअपमध्ये कोणते आकडे भरले, हे कागदावर लिहून तो कागद डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवावा. मे महिन्यात पेटीतले पेन्सिल सेल काढून घ्यावेत, कारण नवे सेलही गळतात. पेटी मदरबोर्डपासून लांब, डब्याच्या तळाशी बांधलेली असावी. मूळ फ्लॉपी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि डबा भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. जून ते सप्टेंबरात यंत्र प्लास्टिकने गुंडाळून ठेवल्यास आत ओल धरते. त्यावर सुती कापड टाकावे, आणि पंधरवड्यातून एकदा तासभर चालू ठेवावे, म्हणजे आतली हवा कोरडी राहते आणि एखाद्याला ‘नंबर मंचर्स’ची एक फेरीही खेळून घेता येते.